मोटार आणि सामाजिक प्रतिष्ठा : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील बदलत्या दृष्टिकोनाचा विचार

बीजशब्द : मोटार, मध्यमवर्ग, प्रतिष्ठा, उपनगरी रेल्वे, भूमिपुत्र, वाहनतळ.

प्रस्तावना :

'गाडी' हा शब्द कल्याण-डोंबिवली परिसरात दीर्घकाळ प्रामुख्याने एकाच अर्थाने वापरला गेला. 'गाडी चुकली', 'गाडीला गर्दी होती', 'आठ-बाराची गाडी' या सर्व प्रयोगांत गाडी म्हणजे लोकल. स्वतःच्या चारचाकीसाठी 'मोटार' हा वेगळा शब्द होता आणि तो बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूविषयी बोलताना वापरला जाई. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे चित्र पालटले. 'गाडी घेतली का?' हा प्रश्न आता लग्नसमारंभात, शाळेच्या पालकसभेत आणि महाविद्यालयाच्या प्राध्यापक कक्षातही विचारला जातो, आणि तेथे गाडी म्हणजे चारचाकी हे गृहीत असते. एका शब्दाच्या या अर्थांतरामागे एका वर्गाचे स्थित्यंतर दडलेले आहे. प्रस्तुत लेखात त्या स्थित्यंतराची कारणे आणि त्यातील अंतर्विरोध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

या परिसराची निवड सकारण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली व पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. येथील नागरी वस्तीची घडण रेल्वेने केली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. एवढ्या मोठ्या लोकसमूहाचा दिनक्रम लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेला असताना मोटारीला येथे प्रतिष्ठा का व कशी प्राप्त झाली, हा प्रश्न म्हणूनच अभ्यासनीय ठरतो.

संकल्पनात्मक चौकट :

थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची संकल्पना मांडली. वस्तूची उपयुक्तता आणि तिच्यामुळे मिळणारा मान या दोन भिन्न गोष्टी असून, अनेकदा दुसऱ्या कारणासाठीच वस्तू विकत घेतली जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मॅक्स वेबर यांनी आर्थिक वर्ग आणि सामाजिक दर्जा यांत भेद केला. पिअर बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अभिरुची हीदेखील वर्गभेदाची खूण असते हे फ्रेंच समाजाच्या आधारे दाखवून दिले. पैसा आणि सांस्कृतिक भांडवल यांच्यातील स्पर्धा हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. फ्रेड हर्श यांची स्थानात्मक वस्तूंची संकल्पना (१९७६) येथे विशेष उपयोगी पडते. काही वस्तू फक्त थोड्यांकडे असतात तोवरच त्यांचे समाधान टिकते. सर्वांकडे आल्या की त्यांचे मोल घटते. घोडबंदर मार्गावर सायंकाळी अडकलेल्या मोटारचालकाला हर्श वाचण्याची फारशी गरज नसावी.

मात्र या पाश्चात्य चौकटी आपल्याकडे जशाच्या तशा लागू करता येत नाहीत. आपल्या समाजात वाहनाचा संबंध वर्गाच्याही आधी जातीशी होता. कोणी कशावर बसावे, कोणाच्या दारासमोरून कसे जावे याचे अलिखित नियम होते. १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगाव येथे आले असता त्यांना नेण्यासाठी टांगा चालविण्यास टांगेवाल्याने नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, पण तो हाकणारा मिळाला नाही. शेवटी वस्तीतीलच एका अननुभवी माणसाने टांगा हाकला आणि अपघात होऊन डॉ. आंबेडकर जखमी झाले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. परदेशातील उच्च पदव्या आणि बॅरिस्टरी गाठीशी असूनही वाहनातील जागा मिळत नाही, हा अनुभव ज्या समाजघटकांच्या सामूहिक स्मृतीत आहे, त्यांच्यासाठी स्वतःच्या मोटारीच्या चालकाच्या आसनावर बसण्याचा अर्थ निराळा असतो. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ भागात मागील काचेवर 'जय भीम' लिहिलेली मोटार दिसते, तेव्हा तिला केवळ 'दिखाऊ उपभोग' म्हणणे अपुरे ठरते.

चैनीची वस्तू ते मध्यमवर्गीय आकांक्षा :

स्वातंत्र्योत्तर काळात परवाना पद्धतीमुळे मोटारींचे उत्पादन मर्यादित राहिले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडत असे. दुसरीकडे हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर होती. मागणी नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. बजाजच्या स्कूटरसाठीसुद्धा तीच अवस्था होती. अशा काळात ठाण्याच्या नौपाड्यात किंवा डोंबिवलीच्या टिळकनगरात मोटार असे ती डॉक्टरांकडे, एखाद्या व्यापाऱ्याकडे किंवा कारखानदाराकडे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून औद्योगिक वसाहतींना चालना मिळाली. तेथील अधिकाऱ्यांसाठी कंपनीची मोटार येत असे. ती त्याच्या पदाची असे, त्याची नसे. निवृत्तीबरोबर मोटारही जाई.

याच काळात डोंबिवलीने स्वतःची एक प्रतिमा घडविली. शिक्षक, बँक व विमा कर्मचारी, मंत्रालयातील कारकून यांचे हे गाव. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारख्या साहित्यिकांचे वास्तव्य, व्याख्यानमाला, ग्रंथालये, दिवाळी पहाटेचा फडके रोड या गोष्टींचा येथील नागरिकांना सार्थ अभिमान होता आणि आहे. बोर्द्यूंच्या भाषेत सांगायचे तर हे सांस्कृतिक भांडवल होते. त्याच्या बळावर येथील मध्यमवर्ग मोटारीविना प्रतिष्ठित राहू शकला. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' आणि 'ऋण काढून सण करू नये' ही वचने त्याच्या आर्थिक नीतीचा भाग होती. कर्ज काढावे ते घरासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी. मोटारीसाठी कर्ज म्हणजे उधळपट्टी. मोटारवाल्याकडे आदराने पाहिले जाई हे खरे, पण त्यात थोडा संशयही मिसळलेला असे. हा साधेपणा कितपत स्वेच्छेचा होता आणि कितपत परिस्थितीने लादलेला होता, याचे उत्तर नंतरच्या काळाने दिले.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० चे वितरण सुरू झाले. किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास होती. तरीही ती या परिसरातील नोकरदाराच्या आवाक्याबाहेरच होती. खरा बदल १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर आणि विशेषतः १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाल्यावर घडला. खाजगीकरण, उदारीकरण व जागतिकीकरण या प्रक्रियांचा, म्हणजेच 'खाउजा'चा, प्राध्यापकवर्गात विपुल ऊहापोह झाला आहे. डोंबिवलीकरांना मात्र ती प्रक्रिया घराशेजारीच पाहावयास मिळाली. प्रीमिअरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने प्यूजो ३०९ ही मोटार १९९० च्या दशकाच्या मध्यास कल्याण-डोंबिवली परिसरातील कारखान्यात तयार करण्यास आरंभ केला. काही वर्षांतच कामगार संघर्ष आणि आर्थिक अडचणींत हा प्रकल्प बंद पडला. कल्याण-शीळ मार्गावरील ती जागा पुढे 'प्रीमिअर मैदान' म्हणून सभांसाठी ओळखली जाऊ लागली. मोटार तयार करणारा कामगारवर्ग येथून नाहीसा झाला आणि त्याच मार्गाच्या दुतर्फा मोटार विकत घेणाऱ्यांची निवासी संकुले उभी राहिली. या परिसराच्या वर्गीय इतिहासातील हा बदल फारसा नोंदविला गेलेला नाही.

मोटार कर्ज सुलभ झाले, 'हप्ता' या शब्दाला चिकटलेली नामुष्की गेली. सहाव्या आणि सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीने शिक्षक-प्राध्यापकांच्या दारातही मोटारी आणल्या, हे या लेखाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. देशपातळीवर २००१ च्या जनगणनेत सुमारे २.५ टक्के कुटुंबांकडे मोटार, जीप वा व्हॅन होती. २०११ मध्ये हे प्रमाण ४.७ टक्के झाले. म्हणजेच दहा वर्षांत प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले, तरीही शंभरातील पंचाण्णव कुटुंबे मोटारीविना होती. मोटार 'सर्वांकडे' असते ही मध्यमवर्गाची समजूत त्याच्या स्वतःच्या परिघापुरतीच खरी असते.

नॅनोचा धडा :

प्रतिष्ठा आणि उपयुक्तता यांतील अंतर नॅनोच्या उदाहरणाने स्पष्ट होते. दुचाकीवरून पावसात जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना या मोटारीची कल्पना सुचली. जानेवारी २००८ मध्ये ती प्रदर्शित झाली आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत तिचे अनावरण झाले. एक लाखाची मोटार म्हणून तिचे स्वागत झाले. उपयुक्ततेचा विचार करता डोंबिवली पूर्वेतील अरुंद रस्ते आणि इमारतींतील तोकडी जागा यांसाठी तिच्याइतके योग्य वाहन क्वचितच असेल. तरीही ती चालली नाही आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सुरक्षिततेविषयीच्या शंका व उत्पादनातील विलंब ही कारणे होतीच. पण 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का तिला घातक ठरला, हे पुढे खुद्द टाटा यांनीही मान्य केले. आयुष्यात प्रथमच मोटार घेणाऱ्याला वर चढल्याचे दाखवायचे असते. स्वस्त मोटार त्याला वर चढलेला दाखवीत नाही. ती त्याची पूर्वीची पायरी जगजाहीर करते. दुचाकीवर ही अडचण नसते, कारण दुचाकी मोटारीशी तुलनेला उभीच राहत नाही.

आज कल उलट दिशेला आहे. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून अधिक वाटा उंच, अवजड एसयूव्ही प्रकाराचा झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. किंमत उतरली म्हणून लहान मोटारीची प्रतिष्ठाही वाढेल असे मात्र नॅनोचा अनुभव सांगत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली : दोन निराळी गणिते :

या दोन शहरांचा एकत्र विचार करण्याची पद्धत असली तरी मोटारीच्या बाबतीत त्यांच्यात महत्त्वाचा फरक आहे. ठाण्यात १९९० नंतर घोडबंदर मार्गाच्या बाजूने जी संकुले उभी राहिली ती स्थानकापासून दूर होती. तेथे राहणाऱ्यास पवई, अंधेरी किंवा ऐरोली येथे जावयाचे असेल तर रेल्वे फारशी उपयोगी नव्हती. मोटार तेथे दैनंदिन गरज बनली. मुलुंड आणि ऐरोली येथील पथकर नाक्यांवर रोज पैसे भरणे ही ठाणेकरांची जुनी तक्रार होती. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर पथकर माफ झाला. राजकीयदृष्ट्या मोटारधारक हा किती प्रभावी गट झाला आहे याचे हे द्योतक होय. लोकलच्या प्रवाशांची संख्या कितीतरी मोठी, परंतु त्यांच्या मागण्या इतक्या त्वरेने क्वचितच मान्य होतात.

कल्याण-डोंबिवलीची स्थिती वेगळी आहे. तेथून दक्षिण मुंबईपर्यंतचे पन्नास किलोमीटरच्या आसपासचे अंतर रोज मोटारीने कापणे वेळ आणि पैसा दोन्ही दृष्टींनी अशक्यप्राय आहे. कल्याणचा पत्री पूल आणि डोंबिवलीचा कोपर पूल पुनर्बांधणीसाठी दीर्घकाळ बंद होते तेव्हा तर रेल्वेरुळांच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाणेही कठीण झाले होते. त्यामुळे येथील मोटारधारक सोमवार ते शनिवार लोकलनेच जातो. मोटार इमारतीखाली आच्छादन घालून उभी असते. ती निघते रविवारी, सणाला, आणि गणपतीत गावी जाताना.

गावी जाण्याचा हा मुद्दा मध्यवर्ती आहे. शेजारच्या इमारतीतील लोकांना मोटारीचे आता अप्रूप राहिलेले नाही. हर्श यांच्या म्हणण्याप्रमाणे तिचे स्थानात्मक मोल शहरात घटले आहे. परंतु सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा येथील गावात ते टिकून आहे. चाकरमानी एसटीच्या जादा गाडीने आला की स्वतःच्या मोटारीने, याची नोंद गावात घेतली जाते. भावकीतील जुने मानापमान अंगणात उभ्या मोटारीच्या साक्षीने नव्याने मोजले जातात. म्हणजे मोटार डोंबिवलीत असली तरी तिचा प्रेक्षक तेथे नसतो. मुंबई-गोवा महामार्गाची रखडकथा आणि खड्डे सर्वश्रुत असूनही दरवर्षी मोटारींची रांग लागते, तिचे स्पष्टीकरण केवळ सोयीच्या आधारे देता येत नाही.

या वर्गीय द्वैताचे भीषण रूप ९ जून २०२५ रोजी दिसले. मुंब्रा स्थानकाजवळ वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काही मृत्युमुखी पडले. घरी मोटारीचा हप्ता सुरू असलेला माणूसही सकाळी याच दारात उभा असतो. बँकेच्या लेखी तो मोटारधारक मध्यमवर्गीय असतो. दिव्यापुढच्या वळणावर त्याची वर्गीय ओळख उरत नाही. प्रथम वर्गाचा पास आणि डिसेंबर २०२० पासून मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर आलेली वातानुकूलित लोकल हे त्याला परवडणारे मधले टप्पे आहेत. मोटार त्याच्या या प्रश्नाचे उत्तर नाही.

'गुंठामंत्री' : एका शब्दातील द्वेष :

या परिसरातील मोटारींची चर्चा आगरी-कोळी भूमिपुत्रांना वगळून करता येणार नाही. कल्याण-शीळ मार्ग, २७ गावे, भिवंडी, घोडबंदर पट्टा येथील भातशेती व खाजणजमिनी निवासी संकुलांत रूपांतरित झाल्या. ही २७ गावे १९८३ मध्ये महानगरपालिकेत घेतली गेली, २००२ मध्ये वगळली गेली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. त्यांच्या जमिनींची किंमत मात्र सतत वाढत राहिली. जमीन विकून आलेल्या पैशातून मोठ्या, बहुधा पांढऱ्या रंगाच्या मोटारी आल्या. त्यांच्या काचेवर एकवीरा आईचे नाव, नोंदणी क्रमांकात 'दादा' असे वाचता येईल अशा रीतीने रंगविलेला ४१४१, अशी त्यांची ओळख झाली. अशा अक्षरसदृश पाट्या मोटार वाहन नियमांत बसत नाहीत, हे खरे. परंतु पसंतीच्या क्रमांकाचा सोस या एकाच समाजाला आहे असे मानण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये ठाण्यासह काही क्षेत्रांत '०००१' क्रमांकाचे शुल्क सहा लाख रुपये करण्यात आले, ते सर्व थरांतील हौशी ग्राहकांच्या भरवशावरच.

पगारदार मध्यमवर्गाने या नव्या मोटारधारकासाठी 'गुंठामंत्री' हा शब्द रूढ केला. वरवर विनोदी वाटणाऱ्या या शब्दात बरेच काही सामावले आहे. आपली मोटार कष्टाची, शिक्षणाची आणि त्याची मोटार मातीच्या विक्रीची, असा नैतिक भेद त्यातून सूचित होतो. वस्तुतः ज्या सदनिकेत बसून हा विनोद केला जातो ती त्याच मातीवर उभी असते, आणि त्या सदनिकेच्या वाढलेल्या किमतीवरच मध्यमवर्गाची आर्थिक पत अवलंबून असते. सांस्कृतिक भांडवलाची मक्तेदारी असलेल्या गटाला आर्थिक भांडवलात मागे पडल्याची जाणीव झाली की अभिरुचीचे अस्त्र उपसले जाते. मोटारीचा आकार, रंग, संगीताचा आवाज यांवरील टीका ही बहुतांशी अशी वर्गीय (व काही अंशी जातीय) टीका असते. या मोटारींचे आयुष्य संपल्यावर त्या कुटुंबांकडे जमीन उरलेली नसते, हा यातील गंभीर भाग मात्र विनोदात हरवतो.

मोटार नसण्याची प्रतिष्ठा :

गेल्या दशकात ओला, उबर यांसारख्या सेवांमुळे आणखी एक दृष्टिकोन पुढे आला. 'मोटार घेऊन ती सांभाळायची कशाला?' असा प्रश्न ठाण्यातील उच्चशिक्षित तरुण विचारताना दिसतात. पर्यावरणाचा विचारही त्यामागे असतो. हा दृष्टिकोन स्वागतार्ह असला तरी तो कोणाला परवडतो हे पाहावे लागेल. ज्याच्या आजोबांकडे पद्मिनी होती त्याने मोटार नाकारली तर तो त्याचा विवेक ठरतो. ज्याच्या घरात अद्याप कोणीच मोटार घेतलेली नाही त्याने ती नाकारली तर समाज त्यास त्याची ऐपत नाही असेच समजतो. स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी वेगळा होतो. मोटार कुटुंबाची असली तरी किल्ली बहुधा पुरुषाच्या खिशात असते. रात्री उशिरा स्थानकावर उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीसाठी स्वतः चालविण्याची मोटार म्हणजे प्रतिष्ठेपेक्षाही स्वतःच्या वेळेवरील हक्क असतो.

वाहनतळाचा प्रश्न :

मोटारीवरून वर्गभेद ठरण्याचा केंद्रबिंदू आता मोटारीकडून ती उभी करण्याच्या जागेकडे सरकला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, इमारतीखालील खांबांमधील जागा म्हणजे 'गॅरेज' नव्हे. विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही, ती सर्व सदस्यांच्या सामाईक मालकीची आहे. सामाईक जागा सामाईक राहावी हे या निर्णयामागील तत्त्व होते. पुढे स्थावर संपदा कायद्याच्या अंमलबजावणीनंतर आच्छादित वाहनतळाची विक्री शक्य झाली, खुल्या जागेची नाही. व्यवहारात जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत सर्वाधिक वाद याच विषयावर होतात. ज्यांच्याकडे मोटार नाही असे सदस्य, त्यांत निवृत्त व वृद्ध मोठ्या संख्येने, सामाईक जागेतील आपला वाटा मूकपणे मोटारधारकांना देऊन टाकतात. मुलांची खेळण्याची जागा, तुळशीचा कट्टा, गणपतीच्या मंडपाची जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखली जाते.

मे २०२५ मध्ये राज्याचे परिवहनमंत्री आणि ठाण्याचे लोकप्रतिनिधी प्रताप सरनाईक यांनी मुंबई महानगर प्रदेशात वाहनतळाचे प्रमाणपत्र असल्याखेरीज नव्या मोटारीची नोंदणी न करण्याचे धोरण जाहीर केले. रस्त्यांवरील कोंडी पाहता त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. परंतु ठाणे व डोंबिवलीतील जुन्या तीन-चार मजली इमारतींना वाहनतळ मुळातच नाही. चाळी आणि झोपडपट्ट्यांचा तर प्रश्नच नाही. डोंबिवलीतील ६५ बेकायदा इमारतींच्या प्रकरणात बनावट परवानग्यांमुळे फसलेल्या सदनिकाधारकांना आपल्या घराचे वैध कागदपत्र दाखविणेही अवघड झाले. अशा प्रमाणपत्राची अट लागू झाल्यास पालावा किंवा घोडबंदर मार्गावरील संकुलात राहणाऱ्याला, ज्याच्या सदनिकेबरोबरच दोन मोटारींची जागा येते, दुसरी मोटार घेण्यास अडचण येणार नाही. रामनगरातील जुन्या इमारतीत राहून सामान वाहण्यासाठी किंवा आजारी आईला रुग्णालयात नेण्यासाठी पहिली मोटार घेऊ पाहणाऱ्याला मात्र ती घेता येणार नाही. कल्याणच्या परिवहन कार्यालयात एम.एच.०५ क्रमांकासाठी अर्ज करताना त्याच्या हाती मोटारीचे पैसे असतील, पण जागेचा कागद नसेल.